सोळाशे पावलं

बेकरीवाल्याच्या मनगटावर नवं घड्याळ आलं आणि पहिल्याच सकाळी त्याने बरोबर धावणाऱ्या तिघांत भांडण लावून दिलं.

घड्याळ त्याच्या मेहुण्याने भेट पाठवलं होतं. किती अंतर धावलो, नाडी किती, झोप किती लागली, सगळं सांगायचं. फार वेळ बसून राहिलं तर उठा म्हणून मनगटाला गुदगुल्या करायचं. बेकरीवाला म्हणाला, यासाठी यंत्र कशाला, एवढं सगळं तर घरात बायको करतेच. मग तो टाकीच्या फाटकापासून धावत निघाला, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्याला हात लावून परत आला, मनगटाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. घड्याळ नऊशे वीस मीटर म्हणत होतं.

त्यांची फेरी एक किलोमीटरची होती. पाण्याच्या टाकीचं फाटक, छापखाना, शाळेच्या मागची गल्ली, चढाच्या तोंडाशी बर्फाचा कारखाना, तिथे पट्ट्याला हात लावायचा आणि आल्या वाटेने परत. गेली दोन वर्षं ही फेरी एक किलोमीटरचीच होती, आणि तिच्यावर शंका घ्यायचं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कारण ती काटेवाल्यांच्या बायकोने मोजली होती.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. वय एकसष्ट. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते तोलूनमापून. त्यांची बायको शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या गळ्यात टेप नसेल तर ती आजारी आहे असं शेजारपाजारच्यांनी समजावं, इतकी ती टेप अंगाचा भाग झालेली. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

तिसऱ्या होत्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या. सगळं जग त्यांना पेशंट वाटायचं आणि त्या सगळ्या जगाला तसंच वागवायच्या.

काटेवाल्यांनी घड्याळाकडे बघून घेतलं आणि म्हणाले, किलोमागे ऐंशी ग्रॅम खाणारा काटा मी बाजारात एक दिवस राहू देत नाही, मेहुण्याला परत पाठव. बेकरीवाला खजील झाला. सिस्टर हसल्या. तिघं धावायला लागले.

पण दुसऱ्या दिवशीही घड्याळ नऊशे वीस म्हणालं. तिसऱ्या दिवशी नऊशे एकवीस. चौथ्या दिवशी परत नऊशे वीस. आता मात्र काटेवाल्यांना स्वस्थ बसवेना. धंद्यातली साधी गोष्ट होती. बिघडलेला काटा रोज वेगळं खोटं बोलतो. जो रोज एकच सांगतो, त्याचं एकदा ऐकून घ्यावं लागतं.

पाचव्या दिवशी ते पन्नास मीटरची पोलादी टेप घेऊन आले. एक टोक सिस्टरांच्या हातात, दुसरं स्वतःकडे. बेकरीवाला खडूने खुणा करत मागून. उजाडत होतं, छापखान्याचा पहारेकरी चहा पीत बघत होता, आणि त्याने काय हरवलंय म्हणून विचारलंही. फाटकापासून पट्ट्यापर्यंत नऊ टेपा आणि वर दहा मीटर भरले. काटेवाले परत उलटे मोजत आले. नऊ टेपा आणि दहा मीटर. जायचे चारशे साठ, यायचे चारशे साठ. घड्याळ खरं होतं.

मग बेकरीवाल्याला राहवलं नाही. वातावरण हलकं करायचा त्याला रोगच होता. म्हणाला, वहिनींनी आपल्याला फेरीमागे ऐंशी मीटरांची सूट दिली होती तर. दोन वर्षं आपण फुकटच फुशारक्या मारल्या.

काटेवाले टेप गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला.

सिस्टरांनी मात्र लगेच आकडेमोड मांडली. तिघांनी नावं दिलेली शर्यत तीन आठवड्यांवर होती. एकवीस किलोमीटर, वेळ तीन तास. तीन तासांच्या वेगाने मागून एक गाडी येते आणि तिच्या मागे पडलेल्यांना उचलून घेते. गेल्याच रविवारी काटेवाल्यांनी एकवीस फेऱ्या दोन तास बावन्न मिनिटांत मारल्या होत्या, आठ मिनिटं हातात राखून. पण त्या एकवीस फेऱ्या म्हणजे खरे एकोणीस किलोमीटर आणि वर तीनशे मीटर. उरलेलं अंतर धरलं तर वेळ होतो तीन तास सात मिनिटं. हातातली आठ गेली आणि वर सात अंगावर आली.

"सिस्टर, तुमचं काय?" बेकरीवाल्याने विचारलं.

त्यांचं भागत होतं. त्या वेगवान होत्या. बेकरीवाल्याचं मुळीच भागत नव्हतं, पण त्याला त्याचं दुःखही नव्हतं. दहा किलोमीटरचीही शर्यत होती आणि शुक्रवारपर्यंत नाव बदलता येत होतं. तो म्हणाला, मी आजच बदलतो, तुमचंही बदलून टाकतो, दोघं गप्पा मारत दहा पळू आणि सिस्टरांना टाळ्या वाजवायला वेळेवर पोहोचू. सिस्टरही म्हणाल्या की तेच शहाणपणाचं आहे. यात कमीपणा कसला. मापच चुकलं होतं, त्याला तुम्ही तरी काय करणार.

"माप चुकलं नव्हतं," काटेवाले म्हणाले.

दोघं त्यांच्याकडे बघत राहिले. टेप तर त्यांच्याच हातात होती.

"मी एकवीसच धावणार. आणि तीन तासांत."

एवढं बोलून ते टेप काखेत मारून निघाले. मागून बेकरीवाला सिस्टरांना म्हणाला की ह्यांच्या नाकाला आज मिरच्या कशाने झोंबल्या.

घरी आल्यावर त्यांनी शिवणाचं कपाट उघडलं. अकरा महिन्यांत ते त्यांनी उघडलं नव्हतं. वह्या एकावर एक रचलेल्या होत्या. शाळांच्या वह्या, मुलांची मापं, उंची, छाती, बाह्या. दोन वर्षांपूर्वीची वही सापडायला वेळ लागला नाही, कारण तिने प्रत्येक वहीच्या पाठीवर साल घातलेलं होतं. मागच्या पानावर तिने फेरी लिहून ठेवली होती. दर शंभर पावलांना एक रेघ. पहिल्यांदा जायच्या आठ रेघा, तिथे पट्ट्याची जागा ठरवली. मग पुरी फेरी तीनदा चालून बघितली. सोळा रेघा. खाली पुन्हा सोळा. खाली पुन्हा सोळा. शेजारी लिहिलेलं: पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटर, सोळाशे पावलं, एक किलोमीटर.

मोजणीत कुठेही घोळ नव्हता. शंभर पावलांत एकाचाही फरक तिने पडू दिला नसता.

आणि पावलाचं माप काटेवाल्यांनीच घेतलेलं होतं. त्याला वीसेक वर्षं झाली असतील. मुलगी लहान होती, शाळा घरापासून किती लांब यावर नवराबायकोत पैज लागली होती. त्यांनी घरातल्या ओसरीत टेप पसरली आणि तिला दहा पावलं चालायला लावलं. सहा मीटर पंचवीस. परत चालायला लावलं. सहा मीटर पंचवीस. ते म्हणाले होते, तुझं पाऊल म्हणजे प्रमाणित माप आहे, शिक्का मारून देतो. तिने तो शिक्का खरा मानला. पुढे आयुष्यभर तिने सगळी अंतरं त्याच पावलाने मोजली, आणि फेरी मोजायची वेळ आली तेव्हा बेकरीवाल्याने टेप आणू का विचारलं तर म्हणाली, रस्ता म्हणजे काय कापडाचा तागा आहे का, माझे पाय आहेत की.

काटेवाल्यांनी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. नऊशे वीस मीटर भागिले सोळाशे. साडेसत्तावन्न.

पाऊल पाच सेंटिमीटरांनी आखूड झालं होतं.

फेरी मोजली तेव्हा तिचा आजार कुणाला ठाऊक नव्हता. तो कळला त्यानंतर सहा महिन्यांनी, आणि डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की हृदय दीडेक वर्षापासून थकत आलेलं दिसतंय, तुम्हाला काहीच जाणवलं नाही का. काटेवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. तिनेही नाही म्हणून सांगितलं होतं. आता वही हातात घेऊन बसल्यावर त्यांना एकेक आठवायला लागलं. बाजारातून येताना ती दोन पावलं मागे राहायची. त्यांना वाटायचं दुकानांच्या काचांत बघत येतेय. ते म्हणायचे, चल की, किती रेंगाळतेस. ती काही न बोलता झपाझपा यायची. एकदा नाही, कित्येकदा.

पारड्यात केस पडला तरी ज्याला कळतं अशी त्यांची बाजारात ख्याती होती. आणि घरातल्या माणसाचं पाऊल बोटाबोटाने आखडत गेलं ते शेजारून चालत असूनही कळलं नाही.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. पण न सांगण्याचा परिणाम सरळ होता. जगाच्या लेखी आता तिने माप चुकवलं होतं. आणि त्या मापावर सराव करून नवरा गाडीत बसला, तर ते कायमचं तिच्या नावावर लागणार होतं. यावर काटेवाल्यांना एकच उपाय दिसला. तीन तासांत पोहोचायचं. पोहोचलेल्या माणसाच्या सरावाची फेरी केवढी होती, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा चाळीस मीटर पुढे नेला. तिथे चढ खरोखर सुरू व्हायचा. बेकरीवाला जुना पट्टा पुसायला ओली फडकी घेऊन आला होता. काटेवाल्यांनी त्याला हात लावू दिला नाही. दोन पट्टे बघून माणसं गोंधळतील, असं तो म्हणाला. ते म्हणाले, गोंधळू देत.

मग सुरू झाले तीन आठवडे. सकाळी चढावर, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर परत चढावर. सिस्टर दिवसाआड त्यांची नाडी बघायच्या आणि त्या दिवशीचा राग त्या आकड्याप्रमाणे काढायच्या. वाढली असेल तर उद्या सुट्टी असा हुकूम सुटायचा. काटेवाले मान डोलवायचे आणि उद्या येऊन धावायचे. बेकरीवाला पहाटेची भट्टी उरकून सायकलवरून पाणी घेऊन सोबत यायचा आणि तोंडाची टकळी चालू ठेवायचा. म्हणायचा, काटेवाले, तुम्ही पळताना तोंड असं करता की समोरचा आपलं पाकीट चाचपतो. एरवी ते हसले असते.

या दिवसांत त्यांचं दुकानदारांशीही बिनसायला लागलं. एका वाण्याकडे त्याच्या वडिलांच्या काळचं पाच किलोचं लोखंडी वजन होतं. वाणी म्हणाला, ह्याला तपासायचं काय, दर वर्षी काय ते, लोखंड थोडंच बदलतं. काटेवाले एकदम उसळले. हाताळून हाताळून झिजतं, म्हणाले. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे झिजत नाही असं नसतं, म्हणून तर वर्षाला तपासायचं. रोज समोर असतं त्यालाच आधी तपासायचं. वाण्याने वजन पुढे सरकवलं. गिऱ्हाईकं बघायला लागली. वजन अठ्ठावीस ग्रॅमनी हलकं निघालं, पण काटेवाल्यांना त्याचा आनंद झाला नाही.

मुलीला हे सगळं सिस्टरांकडून कळलं. ती दुसऱ्या शहरात असायची, रविवारी फोन करायची. या वेळी बुधवारीच केला. आधी गोडीत घेतलं, मग रडवेली झाली, मग चिडली.

"बाबा, आईने चुकीचं मोजलं म्हणून तुम्ही जीव देणार आहात का?"

"तुझ्या आईने चुकीचं मोजलं नाही."

"मग कुणी चुकीचं मोजलं?"

त्यांनी फोन ठेवला. असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं. बराच वेळ फोनसमोर बसून राहिले, पण परत लावला नाही.

शर्यतीच्या आठवडाभर आधी ते खऱ्या मापाच्या सोळा फेऱ्या धावले. दोन तास एकोणीस मिनिटं. म्हणजे एकवीसला तीन तास आणि दोन-तीन मिनिटं. सातावरून दोनावर आले होते. सिस्टरांनी आकडा बघितला आणि पहिल्यांदाच नाडी न बघता नुसत्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या की शर्यतीच्या दिवशी दोन मिनिटं कुठूनही निघतात, गर्दीच ढकलत नेते.

शर्यतीच्या सकाळी हवा थंड होती. काटेवाल्यांच्या छातीवर सहाशे चौदा नंबर. सिस्टर पहिले बारा किलोमीटर त्यांच्या बरोबर राहिल्या. दहा किलोमीटर एक तास पंचवीस मिनिटांत गेले, हिशेबापेक्षा थोडे आधीच. बाराला काटेवाल्यांनी त्यांना हाताने पुढे जायची खूण केली. त्या जाईनात, तेव्हा म्हणाले की तुम्ही सोबत असलात की मला पेशंट झाल्यासारखं वाटतं. मग गेल्या.

पंधराला दोन तास सहा मिनिटं. अजून जमणार होतं. आयुष्यात इतका वेळ इतक्या वेगाने ते कधी धावले नव्हते. श्वास लागला होता पण पाय ऐकत होते. आणि साडेसोळाच्या पुढे, एका सपाट रस्त्यावर, जिथे चढ नाही, खड्डा नाही, वळण नाही, तिथे डाव्या पोटरीत गोळा आला. असा आला की पाय उचलेना. त्यांनी कठड्याला धरून पोटरी चोळली, दोन पावलं टाकली, परत थांबले. बाजूने माणसं जात होती. कुणी थांबून पाणी दिलं, कुणी पाय ताणायला सांगितला. ते लंगडत धावायला लागले. सतरा झाले. गोळा सुटला आणि उजव्या पायात आला.

अठराच्या खांबापाशी मागून गाडी आली. छोटी पिवळी बस, पुढे फलक: शेवटची गाडी. आत सात-आठ माणसं मान खाली घालून बसलेली. दारात कागद लावलेली फळी घेतलेली एक तरुण मुलगी.

"काका, बसा. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. मी येतो धावत."

"नाही काका, नियम आहे. गाडी पुढे गेली की रस्ता वाहनांना मोकळा होतो. नंबरवाला कुणी मागे ठेवता येत नाही."

नियम काटेवाल्यांना पटला. नियमांशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं. त्यांनी छातीवरच्या चारही टाचण्या काढल्या, नंबर घडी करून तिच्या हातात दिला.

"आता मी नंबरवाला नाही. फुटपाथ सगळ्यांचा आहे."

मुलीने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने खांदे उडवले. आतून कुणीतरी म्हणालं, बसा हो आजोबा, लाज कसली. काटेवाले फुटपाथवर चढले आणि निघाले. बस थोडं अंतर त्यांच्या वेगाने चालली, मग पुढे निघून गेली.

आता पुढचे तीन किलोमीटर हरलेलेच होते. तीन तासांत पोहोचणं आता शक्य नाही हे त्यांना कळत होतं. तरीही ते थांबले नाहीत, आणि का थांबत नाही हे त्यांचं त्यांनाही सुरुवातीला कळेना. गाड्या सुरू झाल्या. दुकानं उघडत होती. एक बाई फुटपाथ झाडत होती, तिने झाडू बाजूला घेतला. सिग्नल लाल झाला की ते थांबायचे आणि हिरवा झाला की निघायचे. लोकांना वाटत असावं की म्हाताऱ्याला कुठेतरी पोहोचायला उशीर झालाय. पाय आखडले होते, टाच नीट पडत नव्हती, पाऊल टाकलं की जेमतेम पुढे जायचं. अशी पावलं टाकत टाकत एका सिग्नलपाशी ते उभे राहिले आणि त्यांना एकदम स्वतःचाच राग आला. तीन आठवडे ते कशासाठी मर मर मरत होते? तिचं नाव राखायला, असं ते स्वतःला सांगत होते. पण तिचं नाव राखायला धावायची गरजच नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायला लागू नये म्हणून एकवीस किलोमीटर धावत सुटले होते. सिग्नल हिरवा झाला. ते निघाले, आणि आता त्यांना पोहोचायचंच होतं.

मैदानात ते शिरले तेव्हा फुगवलेली कमान हवा काढून जमिनीवर पसरली होती आणि दोघं तिची घडी घालत होते. शर्यतीचं घड्याळ काढून ट्रकवर चढवलेलं. अंतिम रेषा तेवढी मैदानातल्या रस्त्यावर रंगवलेली होती, ती कुणाला उचलून नेता आली नव्हती. काटेवाल्यांनी ती ओलांडली आणि आपल्या मनगटावर बघितलं. तीन तास नऊ मिनिटं.

सिस्टर, बेकरीवाला आणि मुलगी तिथेच उभे होते. मुलगी रातोरात बसने आलेली, डोळे सुजलेले. तिने त्यांना गवतावर बसवलं. सिस्टरांनी बूट काढून पोटऱ्या दाबायला घेतल्या. बेकरीवाल्याने पाणी दिलं. त्याच्या गळ्यात दहा किलोमीटरचं पदक होतं, ते त्याने हळूच शर्टाच्या आत टाकलं. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, काटेवाले. तो ऐंशी मीटरांचा घोळ नसता तर आज वेळेत आला असतात. वहिनींनी काही मुद्दाम केलं नाही."

"घोळ तिचा नाही," काटेवाले म्हणाले. "ऐका. मधे बोलू नका, नाहीतर परत सांगता येणार नाही. तिने तीनदा मोजलं. तीनही वेळा सोळाशे. मोजणी बरोबर होती. तिचं पाऊल आखूड झालं होतं. पाच सेंटिमीटर. आजार तेव्हाच लागला होता. तिचं पाऊल मी एकदा मोजलं आणि वीस वर्षं परत तपासलं नाही. मी. वाण्याचं लोखंड दर वर्षी तपासतो. ती मागे पडायची तर मी म्हणायचो, रेंगाळू नकोस."

सिस्टरांचे हात थांबले. त्यांनी त्या दिवसांत काटेवाल्यांच्या बायकोला कितीदा फाटकापाशी बघितलं होतं, ते त्यांना आठवत असावं. त्या म्हणाल्या, मी नर्स असून मलाही दिसलं नाही हो, कुणालाच दिसलं नसतं.

"तुमचं तुम्ही बघा, सिस्टर. माझी सुटका करायला जाऊ नका. मला दिसायला हवं होतं, माझं कामच ते. मला त्यावर पांघरूण नकोय. फक्त तिने चुकवलं असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. माझ्या मागेही नाही."

मुलगी त्यांच्या शेजारी गवतावर बसली. तिने त्यांच्या दंडाला धरलं होतं, सोडलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, हे त्या दिवशी फोनवर सांगितलं असतंत तर मी भांडले नसते. ते म्हणाले, भांडली असतीस. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, हो, भांडले असते. बेकरीवाला पाठ फिरवून उभा होता.

तेवढ्यात शेवटच्या गाडीतली मुलगी फळी घेऊन पळत आली. सहाशे चौदा तुम्हीच ना, म्हणाली. यादी बंद करायची होती. गाडीत बसलेल्यांच्या पुढे तिने माघार अशी खूण केली होती, वेळेत आलेल्यांच्या पुढे वेळ. यांच्या पुढे काय लिहावं ते कुणालाच कळेना. वरच्या साहेबांनी माघार लिहायला सांगितलं होतं आणि एक पदकही पाठवलं होतं, वयाचा मान म्हणून.

"पदक परत न्या. मी वेळेत आलो नाही. आणि माघार लिहू नका."

"मग काय लिहू?"

"उशिरा आला. तीन तास नऊ मिनिटं."

फळीवाल्या मुलीने कागद वरखाली बघितला. "तसा रकाना नाही, काका. दोनच आहेत."

काटेवाल्यांनी हात पुढे केला आणि तिच्याकडून पेन मागून घेतलं.

"फळी धरा," ते म्हणाले. "मी आखून देतो."